साडेसात हजारांत सहा जणांचं सकस जेवण : विडी घरकुलातल्या ताईंना उत्तर

ज्या ताईंनी विचारलंय त्यांची अडचण आधी थोडक्यात सांगते. घर सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. नवरा यंत्रमागावर, पगार आठवड्याला. ताई घरी विड्या वळतात. सासूबाईंना शुगर. मोठी मुलगी १४ वर्षांची, तिचं हिमोग्लोबिन ९.२ आलंय. मुलगा ९ वर्षांचा, धाकटी ४ वर्षांची. रेशनचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे. गॅस सोडून किराणा, भाजी, दूध, चिकन असं सगळं मिळून महिन्याला साडेसात हजार रुपये खर्च होतात आणि पगाराच्या आदल्या दोन दिवसांत डबे रिकामे होतात. मुलीला "दूध, फळं, ड्रायफ्रूट द्या" असं दवाखान्यात सांगितलं. ताई विचारतात, "यातलं नेमकं काय द्यायचं आणि कशातून द्यायचं?"

ताई, आहारतज्ज्ञ म्हणून मला २२ वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी सोलापूरच्या पूर्व भागातल्या वस्त्यांमध्येच गेली. तुम्ही खर्चाचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. मी ते कागदावर एकाखाली एक मांडले. दूध रोज एक लिटर, महिन्याला १८०० रुपये. त्यातलं जवळजवळ सगळं चहात जातं असं तुम्हीच लिहिलंय. साखर ६ किलो, २७०. चहापत्ती २५०. खारी, टोस्ट, पाव मिळून रोज ३० रुपये, म्हणजे ९००. मुलांच्या खाऊच्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या रोज २० रुपयांच्या, म्हणजे ६००. बेरीज झाली ३८२० रुपये. आणि डाळ? तूर डाळ दोन किलो, २६० रुपये. बाकी कडधान्याचा उल्लेखच नाही.

सहा माणसं, ३० दिवस, दोन किलो डाळ. माणशी रोज ११ ग्रॅम पडते. कच्ची डाळ तळहातावर घेऊन बघा, जेमतेम एक मोठा चमचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात डाळी-कडधान्यं मिळून साधारण ८५ ग्रॅम सांगितली आहेत. मुलांना थोडी कमी लागतात, पण ११ ग्रॅम कुणालाच पुरत नाहीत. तुमच्या घरात धान्य कमी नाही, तेल कमी नाही, डाळ कमी आहे. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे: पैसा चहा, खारी आणि पुड्यांमधून काढायचा आणि डाळी, शेंगा, अंडी, पालेभाजीत घालायचा. साडेसात हजारांच्या वर एक रुपयाही मी सांगणार नाही.

वस्तीत कुणाच्या घरी गेले की मी आधी डाळीचा डबा हातात घेते. उघडायच्या आधीच वजनावरून कळतं. दत्तनगरजवळच्या एका घरात मी असाच डबा उचलला तर आत मूठभर डाळ आणि वर घडी करून ठेवलेली उधारीची वही. त्या बाई म्हणाल्या, "डाळ आणायची म्हटलं की एकदम शंभराची नोट जाते हो मॅडम, बिस्कीट तर दहाला येतंय." खरंच आहे ते. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात मोठी नोट मोडणं जड जातं आणि दहा-दहा रुपये कुठे गेले ते दिसत नाही. म्हणून आमच्या भागात पाव किलो डाळ आणि दहाची पुडी असाच किराणा भरला जातो. पाव-पाव किलोनं आणलेली डाळ किलोमागे महाग पडते, आणि उधारीवर घेतली तर भाव विचारायलाही तोंड राहत नाही.

आता भाव बघू. मी आमच्याकडच्या दुकानातले धरलेत, पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील, पण कशापुढे काय स्वस्त हे गणित फारसं बदलत नाही. अंगात २० ग्रॅम प्रथिनं जायला किती पैसे लागतात ते मोजू. सोया वडी १२० रुपये किलो धरली तर सुमारे ५ रुपये. हरभरा किंवा हरभरा डाळ ८० रुपये किलोनं ८ रुपये. तूर डाळ १३० रुपये किलोनं १२ रुपये. शेंगादाणे १४० रुपये किलोनं १२ रुपये, वर त्यातलं तेल मिळतं ते वेगळं. सात रुपयांच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे २३ रुपये. चिकन २५ च्या आसपास. दूध ६० रुपये लिटरनं ३७ रुपये. मटण ७० रुपयांच्या वरच. खारी-बिस्किटातून २० ग्रॅम मिळवायचे म्हटले तर किती मैदा, साखर आणि वनस्पती तूप पोटात जाईल याचा विचार करा.

म्हणून बदल असे करा. खारी-टोस्ट रोज नको, रविवारी आणा, महिन्याला १५० रुपयांत बसवा. पुड्या १०० रुपयांत. साखर ६ वरून ४ किलोवर आणि चहापत्ती थोडी कमी, कारण घरातला चहा चार वेळचा दोन वेळचा करायचा. एवढ्यात १४४० रुपये सुटतात. दर रविवारचं चिकन महिन्यातून दोनदा करा, ४४० सुटतील. एकूण १८८०. दुधाला मी हात लावणार नाही. फक्त अर्धा लिटर चहाच्या पातेल्यातून काढून मुलांच्या पेल्यात आणि दह्याच्या भांड्यात जाऊ द्या. तेलही तसंच राहू द्या. सहा माणसांना महिन्याला पाच लिटर हे तुम्हाला जास्त वाटतंय, पण माणशी ते प्रमाणातच आहे. फक्त सुटं तेल घेऊ नका आणि तळणीचं काळं झालेलं तेल परत परत तापवू नका.

सुटलेले पैसे कुठे घालायचे ते सांगते. तूर डाळ दोन किलो आहे तशी ठेवा. तिच्या जोडीला मसूर डाळ दोन किलो, हरभरा डाळ दोन किलो, मटकी एक, हुलगे एक, अख्खे हरभरे एक. हे साधारण ६२० रुपयांत येतं आणि घरात एकूण नऊ किलो डाळी-कडधान्यं होतात. माणशी ११ ग्रॅमचे ५० होतात. सोया वडी एक किलो, १२०. शेंगादाणे दोन किलो, २८०. अंडी ६०, म्हणजे ४२०. तीळ, जवस, कारळं मिळून अर्धा किलो, शंभराच्या आसपास. भाजीला रोज दहा रुपये जास्त, ३००. बेरीज १८४०. चाळीस रुपये लिंबांना उरतात, आणि मुलीसाठी लिंबू लागणारच आहे.

हे सगळं महिन्याच्या एक तारखेला एकदम आणा असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे पगार आठवड्यानं येतो, तर खरेदीही आठवड्यानं करा, पण क्रम बदला. पगाराच्या दिवशी आधी डाळ-कडधान्य सव्वादोन किलो, मग शेंगादाणे अर्धा किलो, मग अंड्यांचा अर्धा ट्रे. ते डब्यात पडल्यावर बाकीचं. आज आपण आधी साखर, पत्ती आणि खारी घेतो आणि उरलं तर डाळ घेतो. पगाराआधीचे दोन दिवस जे रिकामे जातात ते यामुळे. डबा भरलेला असला की त्या दोन दिवसांत हुलग्याचं माडगं किंवा पिठलं-भाकरी होते आणि मुलांचं पोट भरतं.

रेशनचं बोलू. तुमच्या कार्डावर माणशी ५ किलो, म्हणजे सहा जणांना ३० किलो धान्य मिळायला हवं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यात तुमची १० किलो ज्वारी धरली की धान्य पुरेसं होतं. कार्डावर सहाही नावं आहेत का, आधार जोडणी झालीय का, हे एकदा बघा. धाकटीचं नाव चढवायचं राहिलंय अशी कितीतरी घरं मला भेटतात, आणि महिन्याला ५ किलो धान्य त्यामुळे बुडतं.

त्या रेशनच्या तांदळाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या सासूबाई "प्लॅस्टिकचे दाणे" निवडून टाकतात असं तुम्ही लिहिलंय. माझ्यासमोर एका आजींनी परातीत तांदूळ पसरून असेच दाणे वेचले होते. जरा पिवळसर, अपारदर्शक, इतरांपेक्षा थोडे वेगळे दिसणारे. बाजूला वाटीत जमा करून त्या मला दाखवत होत्या. मी ते वाटीतले दाणे त्यांच्याच चुलीवर शिजवले आणि त्यांच्या बोटांत दिले. भातासारखे मऊ झाले होते, बोटानं चिरडले गेले. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळलेलं असतं, आणि साधारण शंभर दाण्यांत एक असा मिसळतात. २०२४ पर्यंत रेशनचा सगळा तांदूळ असाच येऊ लागला होता. अशा तांदळातून किलोमागे निदान २८ मिलिग्रॅम लोह मिळतं. ज्या घरात मुलीचं रक्त कमी आहे त्या घरात नेमके तेच दाणे केराच्या टोपलीत जातायत. सासूबाईंसमोर एकदा शिजवून दाखवा, त्यांना पटेल. आणि भात पेज काढून टाकून करू नका. पाणी बेताचं घाला, ते भातातच मुरू द्या.

आता मुलगी. १४ वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर रक्त कमी आहे असं धरतात, आणि ९.२ म्हणजे मध्यम दर्जाचा पंडुरोग आहे. ताई, हे नुसत्या जेवणानं भरून निघणार नाही. तिला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन जा, लोहाच्या गोळ्या तिथं मोफत मिळतात. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते. तुमच्या मुलीला उपचाराचा डोस लागेल आणि तो डॉक्टर ठरवतील. जंताची गोळी दिली होती का तेही विचारा. गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर द्यायची, चहा किंवा दुधाबरोबर नाही. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरून गोळ्या बंद करू नका. मळमळलं तर रात्री झोपताना द्या. महिन्यानं परत तपासा.

आणि गोळ्या चालू असताना चहा सांभाळा. तुम्ही लिहिलंय की ती सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत जाते. चहातला तुरटपणा अन्नातलं लोह धरून ठेवतो, ते अंगाला लागत नाही. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. तिच्या सकाळच्या खाण्यात ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी आणि दही असू द्या. शेंगा चटणीसाठी सोलापूरचं नाव सगळीकडे घेतात, आणि आपल्याच घरात ती पाहुण्यांसाठी डब्यात राहते. दाणे मंद भाजायचे, सालं पाखडायची, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. दोन चमचे चटणी आणि एक भाकरी यावर मूल दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकतं. खारीवर टिकत नाही. दाणे घेताना मात्र निवडून घ्या: काळपट, सुरकुतलेले, कडवट किंवा बुरशी आलेले दाणे टाकून द्या, त्यांचं विष यकृताला बाधतं आणि भाजल्यानं जात नाही. "तुटका दाणा" म्हणून फार स्वस्तात मिळणारा माल मी कधीच सुचवत नाही.

रक्तासाठी डाळिंब आणि बीट द्यावं असं आपल्याकडे सगळे सांगतात. सोलापूर डाळिंबाचं, त्यामुळे इथं तर हा समज फारच घट्ट आहे. रंग लाल आहे एवढंच. शंभर ग्रॅम डाळिंबात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं. हंगामात बारका माल स्वस्तात मिळाला तर मुलांना जरूर द्या, फळ म्हणून चांगलंच आहे, पण अंडी आणि डाळ कमी करून डाळिंब आणू नका. लोहासाठी तुमच्या घरातली सगळ्यात स्वस्त आणि पक्की वस्तू म्हणजे कोंबडीची कलेजी. शंभर ग्रॅममध्ये आठ-नऊ मिलिग्रॅम लोह असतं, आणि प्राण्याच्या मांसातलं लोह अंगाला चटकन लागतं. ज्या रविवारी चिकन आणाल त्या दिवशी दुकानदाराकडून कलेजी वेगळी मागून घ्या आणि तिच्या ताटात वाढा. नाही तर होतं काय, कलेजी कर्त्या पुरुषाला जाते आणि मुलीला रस्सा. तुमच्या घरात तसं होत नसेल तर उत्तमच.

बाकीच्या दिवशी मोड आलेली मटकी. रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा; आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात. मोड आले की कडधान्यातलं लोह जास्त मोकळं होतं. त्याच्यावर लिंबू पिळा. डाळीवर लिंबू, पालेभाजीवर लिंबू, पोह्यांवर लिंबू. हिवाळ्यात आवळा आणि पेरू स्वस्त झाले की लिंबाच्या जागी ते द्या. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यापुढे बाहेरगावाहून आलेल्या सफरचंदाची गरज नाही. बोरंही चांगली.

इथं माझी एक चूक सांगते. कामाला लागले तेव्हा मीही वस्तीत जाऊन "सफरचंद, नाचणीसत्त्व, बदाम" असंच सांगायची. एका बाईंनी माझं ऐकून महिनाभर मुलाला रोज एक सफरचंद दिलं आणि त्या पैशांसाठी घरातली डाळ बंद केली. पुढच्या महिन्यात मुलाचं वजन घटलेलं होतं. त्या दिवसापासून मी कुणालाही "हे द्या" म्हणण्याआधी "याच्या जागी काय बंद होईल" हे विचारते. नाचणी आपल्या भागातलं पीक नाही, पाकिटात महाग मिळते. कॅल्शियमसाठी तिळाची चटणी करा. एक मोठा चमचा तिळात कॅल्शियम साधारण १०० मिली दुधाइतकं असतं. तिळातलं सगळंच अंगाला लागत नाही, पण रोज भाकरीवर असली तर महिन्याभरात बरंच पोटात जातं. कारळं आणि जवसाची चटणीही अशीच आलटून पालटून करा.

भाजीचं म्हणाल तर लक्ष्मी मंडईत किंवा तुमच्या जवळच्या बाजारात दिवस मावळल्यावर जा. पालेभाजी दुसऱ्या दिवशी विकली जात नाही म्हणून विकणारे सोडून देतात. पेंढी कोमेजलेली चालेल, पिवळी पडलेली किंवा चिकट नको. आणली की त्याच रात्री निवडून, धुऊन, मग चिरून शिजवा. आधी चिरून पाण्यात घालू नका. मेथी-पालकापुरतं राहू नका. तांदुळजा, घोळ, राजगिरा, चाकवत, करडईची भाजी, शेवग्याचा पाला, हे स्वस्त असतं आणि कसात कुठेच कमी नसतं. शेवग्याचं झाड गल्लीत कुणाच्या तरी दारात असतंच. सासूबाई तेलुगू बोलतात असं तुम्ही लिहिलंय, मग अंबाडी त्यांना पुंटीकूर म्हणूनच माहीत असणार. त्यांना पुंटीकूर घालून हरभरा डाळीचं पप्पू करायला सांगा; डाळ आणि पाला एका पातेल्यात होतात आणि भाताबरोबर मुलं मागून खातात. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला स्वस्त होतो, तो सावलीत वाळवून डब्यात भरला की उन्हाळ्यात भाजी महागल्यावर कामाला येतो. टोमॅटो शंभरी गाठतो तेव्हा चिंच वापरा, टोमॅटोवाचून काही अडत नाही.

सोया वडीचं सगळीकडे तोंड वाकडं होतं. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, घट्ट पिळून, परत एकदा धुऊन पिळा, म्हणजे वास जातो. मग बारीक करून खिम्यासारखी कांदा-मसाल्यात परता. आठवड्यातून दोनदा, जास्त नको.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. ज्वारी खाल्ली की शुगर वाढतच नाही असा त्यांचा समज असेल तर तो बरोबर नाही. भाकरी गव्हा-भातापेक्षा बरी, तिच्यात कोंडा आहे, पण तीही मोजूनच. एका वेळी एक मध्यम भाकरी, मोठी वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, त्याहून जास्त पालेभाजी. भात हवाच असेल तर भाकरी अर्धी करून लहान वाटीभर. चहात साखर बंद. गोळ्या चालू आहेत म्हणजे उपास धरायचा नाही, जेवणाची वेळ चुकवायची नाही.

धाकटीला अंगणवाडीत पाठवा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं गरम जेवण मिळतं. तिचं पोट लहान आहे, तीन वेळच्या जेवणात तिला पुरेसं जाणार नाही, मधे दोनदा थोडं थोडं द्यायला हवं. ज्वारीच्या लाह्या, दाण्याचा कूट आणि गुळाचा लाडू, अर्धं अंडं, दूध-भाकरी कुस्करून. अख्खे दाणे मात्र एवढ्या लहान मुलाला देऊ नका, श्वासनळीत अडकतात. मधल्याला शाळेत जेवण असतं; सरकारच्या नियमानुसार पाचवीपर्यंत त्या ताटात १२ ग्रॅम प्रथिनं असायला हवीत, तेव्हा तो तिथं जेवतो की डबा टाकून पुडी खातो हे बाईंना विचारून बघा. मोठी आठवीत असेल तर तिलाही तो आहार आहे, नववीपासून थांबतो. वयात येणाऱ्या मुलीला सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच, म्हणून तिच्या डब्याला उसळ-भाकरी आणि एक उकडलेलं अंडं हवंच. ६० अंडी महिन्याला धरली आहेत ती मुलांसाठी आणि तुमच्यासाठी.

अंडी आणि चिकन यांच्यामध्ये एक गोष्ट राहिली. उजनी धरणातले मासे आपल्याकडे येतात, त्यात चिलापी मोठ्या माशांपेक्षा स्वस्त पडते. चिकन बंद केलेल्या रविवारी चिलापी मिळाली तर घ्या, त्या आठवड्याची दहा अंडी कमी करा.

पुड्यांबद्दल मुलांना एकदम "बंद" म्हणू नका, ते चालत नाही, मी करून बघितलंय. रविवारी प्रत्येकाला एक, त्यानं निवडायची, असं ठरवा. बाकीच्या दिवशी शाळेतून आल्या आल्या हातात काहीतरी तयार हवं. भूक लागलेलं मूल आणि रिकामा ओटा असला की दहा रुपये जाणारच. भाजलेले हरभरे-गूळ, लाह्यांचा चिवडा, शिळ्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा दाणे घालून. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करून ठेवा, थंड लागते आणि पोट भरतं. उन्हाळ्यात उसळ आणि डाळ मात्र एका वेळेपुरतीच करा, आपल्याकडच्या उन्हात दुपारचं संध्याकाळपर्यंत आंबतं आणि मग तेवढे पैसे वाया.

ज्वारीचा एक मोठा खर्च वाचवता येतो. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते तेव्हा भाव उतरतो. तुमचा बचत गट असेल तर चार-पाच घरांनी मिळून मार्केट यार्डातून पोती घ्या, उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरा. तूर-हरभऱ्याचंही तसंच करता येतं, नवीन माल आल्यावर.

आता तुमच्याबद्दल. नवरा काय खातो, सासूबाई काय खातात, तीन मुलं काय खातात हे तुम्ही वेळेनिशी लिहिलंत. तुमच्या स्वतःच्या जेवणाची एकच ओळ आहे, "मी उरलंसुरलं खाते." ताई, दिवसभर सूप मांडीवर घेऊन वाकून विड्या वळणाऱ्या बाईला उरलंसुरलं पुरत नाही. सकाळी चहावर बसता, दुपारी दोनला भात आणि आमटीचं पाणी, कारण तळाची डाळ वाढून झालेली असते. हे मी शेकडो घरांत बघितलंय. वाढायला घ्याल तेव्हा सहा वाट्या एका ओळीत मांडा आणि सहाही एकदम भरा. तुमची झाकून ठेवा. नंतर जेवायचं असेल तर नंतर जेवा, पण वाटी आधी भरलेली असू द्या. सकाळी विड्यांना बसण्याआधी अर्धी भाकरी आणि चटणी पोटात गेलीच पाहिजे. मशेरी लावत असाल तर तिनं भूक मरते, जमेल तशी कमी करत बंद करा. आणि तंबाखूचा हात: कणीक मळण्याआधी, धाकटीला भरवण्याआधी साबणानं, नखांतून धुवा, सूप आणि पानं स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब ठेवा.

येत्या पगाराला मसूर डाळ, हुलगे आणि शेंगादाणे आणून सुरुवात करा, बाकीचं पुढच्या आठवड्यांत बसवता येईल. मुलीला रक्त तपासायला न्याल त्या दिवशी त्याच खिडकीवर तुमचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि दोघींचे आकडे मला कळवा.